तिठ्यावर थबकलेला उंदीर आणि एडवर्ड टोलमन

साताऱ्याहून सांगलीला निघालेला मोटारचालक बहुधा महामार्गाने कऱ्हाड गाठतो, पुढे पेठ नाक्यावर डावीकडे वळतो आणि आष्ट्यावरून सांगलीवाडीला येऊन कृष्णेचा पूल ओलांडून शहरात शिरतो. रोजचा रस्ता असेल तर हे सारे हातांच्या सवयीने घडते; नाक्यावरचे वळण केव्हा घेतले, हेही त्याला आठवत नाही. परंतु कृष्णेला महापूर यावा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला तसा, आणि सांगलीवाडीच्या बाजूने शहरात शिरणे अशक्य व्हावे. अशा वेळी तोच चालक साताऱ्यातच क्षणभर थांबतो. सांगली नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे, तेव्हा माहुलीलाच कृष्णा ओलांडावी, कोरेगावची दिशा धरावी आणि विटा-तासगाव करीत मागच्या बाजूने शहरात उतरावे, असे त्याच्या ध्यानात येते. या वाटेने तो आयुष्यात एकदाही सांगलीला गेलेला नसेल. तरीही निर्णय होतो आणि तो बरोबर ठरतो.

हा निर्णय कोण घेतो? हातांना जडलेली सवय तर नव्हे, कारण या वाटेची सवय त्या हातांना कधी लागलेलीच नाही. मग डोक्यात एखादा नकाशा असतो काय? आणि तो माणसाच्याच डोक्यात असतो, की मुक्या जनावराच्याही? हा प्रश्न पांढऱ्या उंदरांना विचारण्यात ज्याने आयुष्याची चाळीस वर्षे घालविली, त्या एडवर्ड चेस टोलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे नाव आपल्याकडे बी.एड.च्या विद्यार्थ्यांना तेवढे ठाऊक असते. 'सुप्त अध्ययन' आणि 'बोधात्मक नकाशा' या दोन संज्ञांखाली त्यांच्यावर पाच-सात गुणांची टीप लिहावी लागते. टीप लिहून झाली की टोलमन विसरले जातात. वास्तविक हा माणूस त्या टिपेपेक्षा कितीतरी मोठा होता.

टोलमन यांचा जन्म १४ एप्रिल १८८६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्ट न्यूटन येथे झाला. घर सुखवस्तू होते. वडील कारखानदार आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. आई क्वेकर पंथाच्या संस्कारांत वाढलेली. युद्ध हे पाप आहे आणि साधेपणाने जगावे, ही त्या घरातील शिकवण. थोरले बंधू रिचर्ड हे पुढे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ झाले. सापेक्षतावाद आणि उष्मागतिकी यांवरील त्यांचे कार्य प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्हज यांचे ते वैज्ञानिक सल्लागार होते. एकाच आईच्या मांडीवर वाढलेल्या दोन भावांपैकी एक अणुबाँबच्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि दुसरा जन्मभर युद्धविरोधी राहिला. घराण्यांच्या इतिहासात अशा गोष्टी घडतात आणि त्यांचे कारण कोणत्याही मानसशास्त्राला अजून नीट सांगता आलेले नाही.

थोरल्याच्या पावलावर पाऊल ठेवून धाकट्यानेही त्याच संस्थेत प्रवेश घेतला आणि १९११ साली विद्युत-रसायनशास्त्राची पदवी मिळविली. पण शेवटच्या वर्षी विल्यम जेम्स यांचे ग्रंथ त्याच्या हाती पडले आणि रसायनांवरचे मन उडाले. भावाशी त्याच्याच क्षेत्रात स्पर्धा करण्याची इच्छा नव्हती, हेही एक कारण होतेच. त्याच उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांचे दोन अल्पकालीन अभ्यासक्रम त्याने पूर्ण केले. तत्त्वज्ञ होण्याइतकी बुद्धी आपल्यापाशी नाही, असा निष्कर्ष स्वतःच काढून त्याने मानसशास्त्र निवडले. पुढे हार्वर्डमध्येच मुन्स्टरबर्ग यांच्या विभागात निरर्थक शब्दावयवांच्या विस्मरणावर संशोधन करून १९१५ साली डॉक्टरेट घेतली. मधल्या काळात, १९१२ च्या उन्हाळ्यात, जर्मन भाषेच्या परीक्षेची तयारी म्हणून तो गीसेन येथे जाऊन राहिला आणि तेथे कुर्ट कोफ्का या तरुण संशोधकाशी त्याची गाठ पडली. अनुभव तुकड्यातुकड्यांनी नव्हे, तर समग्र आकृतीने येतो, असे सांगणाऱ्या समष्टीवादी मानसशास्त्राचे बीज तेथे पडले. ते उगवायला मात्र बरीच वर्षे लागली.

त्या काळी मानसशास्त्राची पद्धत अंतर्निरीक्षणाची होती. प्रयोगात भाग घेणाऱ्याने आपल्या मनात काय चालले आहे ते न्याहाळून सांगायचे आणि संशोधकाने ते टिपून घ्यायचे. रसायनशाळेतून आलेल्या टोलमन यांना ही पद्धत प्रथमपासून अस्वस्थ करीत असे. नेमक्या त्याच सुमारास जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाचा झेंडा रोवला. मन दिसत नाही, वर्तन दिसते. तेव्हा शास्त्राने वर्तनाचाच अभ्यास करावा, हा त्यांचा आग्रह. हार्वर्डमध्ये रॉबर्ट यर्क्स यांच्या तासाला वॉटसन यांचे पुस्तक अभ्यासले जाई. टोलमन यांना हायसे वाटले. निरीक्षण करता येईल अशा गोष्टींवर शास्त्र उभारायचे, हे त्यांनी मनोमन स्वीकारले. वॉटसन यांनी मनाला घराबाहेर काढून दार लावून घेतले होते, ते मात्र टोलमन यांना कधीच पटले नाही.

पहिली नोकरी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मिळाली. तेथील तीन वर्षे यशाची नव्हती. वर्गात उभे राहिले की तरुण प्राध्यापक संकोचून जात आणि व्याख्यान रंगत नसे. त्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. विद्यार्थ्यांच्या एका शांततावादी प्रकाशनात टोलमन यांनी लेख दिला आणि त्याबद्दल अधिष्ठात्यांपुढे त्यांना खुलासा करावा लागला. १९१८ साली त्यांना कामावरून कमी करण्यात आले. युद्धकाळातील काटकसर आणि अध्यापनातील उणिवा ही कारणे सांगितली गेली. त्या लेखाचाही त्यात वाटा असावा, असे टोलमन यांना कायम वाटत राहिले.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विभागाने त्यांना बोलावून घेतले आणि हा गृहस्थ बदलून गेला. बर्कलेच्या मोकळ्या हवेचे ऋण त्यांनी पुढे अनेकदा मान्य केले आहे. नवा अभ्यासक्रम कोणता शिकविणार, अशी विचारणा झाली तेव्हा त्यांनी तुलनात्मक मानसशास्त्राची निवड केली. उंदीर आणले, लाकडी बोळांचे भूलभुलय्ये बांधले आणि त्यानंतर त्यांनी दुसरे फारसे काही केले नाही.

त्या काळात उंदरांवर प्रयोग करणारे ते एकटे नव्हते. येल विद्यापीठात क्लार्क हल हे गणिती सूत्रांच्या आधारे अध्ययनाचा सिद्धान्त रचीत होते. चेतक आला की प्रतिक्रिया घडते. प्रतिक्रियेमागून अन्न मिळाले की दोहोंमधील बंध घट्ट होतो. पुरेसा घट्ट झाला की त्याला सवय म्हणायचे. या मतानुसार उंदीर म्हणजे टेलिफोनच्या जोडण्यांनी भरलेली पेटी. डावीकडे वळल्यावर खाऊ मिळाला, डावीकडची जोडणी पक्की झाली, एवढेच. उंदराला काही कळते, हवे असते किंवा अपेक्षित असते, असे म्हणणे या पंथाला भाबडेपणाचे वाटे.

टोलमन यांच्या प्रयोगशाळेतून मात्र या चित्राशी न जुळणाऱ्या गोष्टी एकामागून एक बाहेर पडू लागल्या. मॅकफर्लेन या संशोधकाने उंदरांना पाण्याने भरलेल्या भूलभुलय्यातून पोहत जायला शिकविले आणि मग खाली तळ बसवून पाणी उथळ केले. पोहण्याच्या स्नायूंच्या हालचाली आता निरुपयोगी झाल्या होत्या. तरी उंदीर चालत चालत बरोबर ठिकाणी गेले. म्हणजे ते हालचाली शिकले नव्हते, जागा शिकले होते. टिंकलपॉ या दुसऱ्या विद्यार्थ्याने माकडांवर प्रयोग केला. माकडाच्या देखत भांड्याखाली केळे ठेवायचे आणि त्याची नजर चुकवून तेथे सॅलडचे पान ठेवायचे. एरवी ते पान आवडीने खाणारे माकड आता त्याला तोंड लावीना. ते इकडेतिकडे केळे धुंडाळी आणि प्रयोगकर्त्यावर चिडून ओरडे. अपेक्षाभंग झालेले जनावर कसे दिसते, हे ज्याने एकदा पाहिले, त्याला अपेक्षा हा शब्द शास्त्रातून हद्दपार करणे अवघड जाते.

सर्वांत गाजला तो १९३० साली प्रसिद्ध झालेला टोलमन आणि होन्झिक यांचा प्रयोग. ह्यू ब्लॉजेट यांनी आदल्या वर्षी तेथेच केलेल्या कामाचा तो विस्तार होता. चौदा तिठे असलेला एक मोठा भूलभुलय्या बांधण्यात आला. प्रत्येक तिठ्यावर एक वाट पुढे जाणारी, दुसरी बंद. भुकेल्या उंदरांचे तीन गट केले. पहिल्या गटाला शेवटी रोज अन्न मिळे. त्यांच्या चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या. दुसऱ्या गटाला तेथे कधीच अन्न मिळत नसे; ते आपले रेंगाळत, भटकत, चुकत. तिसऱ्या गटाला पहिले दहा दिवस काहीही मिळाले नाही आणि त्या दिवसांत त्यांचे वागणे दुसऱ्या गटासारखेच होते. पाहणाऱ्याला वाटावे की ही मंडळी काहीच शिकली नाहीत. अकराव्या दिवशी शेवटच्या पेटीत अन्न ठेवले. बाराव्या दिवशी या उंदरांच्या चुका एकदम कोसळल्या आणि पहिल्या दिवसापासून बक्षीस घेत आलेल्या गटाची त्यांनी बरोबरी केली. किंबहुना किंचित सरशीच केली.

या निकालाचा अर्थ साधा, पण फार दूरवर जाणारा आहे. दहा दिवस निरुद्देश भटकताना हे उंदीर वाटा शिकत होते. ते ज्ञान दाखविण्याचे कारण त्यांना नव्हते, म्हणून ते दिसले नाही. शिकणे वेगळे आणि करून दाखविणे वेगळे. बक्षिसाने ज्ञान निर्माण होत नाही. फार तर ते बाहेर येते. आपल्या शाळांमधून परीक्षेच्या गुणांवरून मुलाला किती येते हे ठरविण्याचा जो प्रघात आहे, त्याच्याकडे हा प्रयोग वाचल्यावर पूर्वीच्या विश्वासाने पाहता येत नाही. हेच बी.एड.च्या टिपेत लिहून घेतले जाते आणि पुढल्या आठवड्यात त्या भावी शिक्षकांचीही परीक्षा तशीच घेतली जाते. असो.

१९३२ साली टोलमन यांचा प्राण्यांच्या आणि माणसांच्या हेतुपूर्ण वर्तनावरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिकेत केवळ तीन आद्याक्षरे होती; ती पांढऱ्या उंदराच्या लॅटिन नावाची. ग्रंथ मात्र वाचायला कठीण. प्रत्येक कल्पनेसाठी टोलमन नवा जोडशब्द घडवीत आणि त्या शब्दांच्या गर्दीत वाचकाचाच भूलभुलय्या होई. त्यांच्या व्याख्यानांतील खेळकरपणा त्या पानांत फारसा उतरला नाही, असे म्हणावे लागते.

त्यांच्याभोवती जमलेले तरुण संशोधक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांतील एकाचा उल्लेख मात्र टाळता येणार नाही. लिथुआनियातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबातील इसाडोर क्रेचेव्हस्की हा विद्यार्थी न्यूयॉर्कहून बर्कलेला आला तो एक विचित्र निरीक्षण घेऊन. न सुटणारे कोडे पुढे ठेवले तरी उंदीर वाटेल तसे धावत नाहीत. काही वेळ ते सतत डावीकडेच जाऊन पाहतात, मग तो मार्ग सोडून सतत उजवीकडे, मग एकाआड एक. जणू एकेक तर्क ते पडताळून पाहतात. दुसरा एखादा मार्गदर्शक हसला असता. टोलमन यांनी ही कल्पना उचलून धरली आणि आपल्या ग्रंथातही तिला जागा दिली. हाच विद्यार्थी पुढे डेव्हिड क्रेच या नावाने बर्कलेत प्राध्यापक झाला आणि १९६० च्या दशकात त्याने सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, खेळणी व सोबती असलेल्या समृद्ध पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकाची घडणच वेगळी होते.

१९३७ साली टोलमन अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. मिनिआपोलिस येथे सप्टेंबरच्या ३ तारखेला त्यांनी जे अध्यक्षीय भाषण केले, त्याचा विषय होता तिठ्यावरील वर्तनाचे निर्णायक घटक. मानसशास्त्रातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाचे मूळ, भूलभुलय्याच्या तिठ्यावर उभ्या असलेल्या उंदराच्या वागण्याचा कसून अभ्यास केल्यास हाती लागेल, अशी आपली श्रद्धा त्यांनी त्या सभेपुढे प्रांजळपणे बोलून दाखविली. अर्धी गंमत, अर्धे गांभीर्य, ही त्यांची नेहमीची तऱ्हा.

तिठ्यावर उंदीर नेमके काय करतो? म्युन्झिंगर यांनी कोलोरॅडो येथे प्रथम टिपलेली गोष्ट टोलमन यांनी आपलीशी केली. वाटा फुटतात तेथे उंदीर थबकतो. मान डावीकडे वळवितो, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आणि मग एका वाटेने निघतो. प्रत्यक्ष पाऊल न टाकता दोन्ही वाटा मनातल्या मनात चालून पाहाव्यात, तसे हे दिसते. विशेष हे की, अध्ययन चालू असते तेव्हा ही मान वळविणे वाढते आणि वाट अंगवळणी पडली की ते नाहीसे होते. टोलमन यांना येथे विचार करणारा जीव दिसला. एडविन गथ्री या प्रतिस्पर्ध्याने त्यावर मार्मिक टोला हाणला. टोलमन यांनी आपल्या उंदराला तिठ्यावर विचारात बुडवून सोडले आहे, तो तेथून हलणार कसा, हे काही सांगितलेले नाही, असा त्याचा आशय. हा आक्षेप खरा होता. ज्ञानाचे कृतीत रूपांतर कसे होते, याचे समाधानकारक उत्तर टोलमन यांच्यापाशी नव्हते.

नकाशाचा शब्द त्यांनी वापरला तो १९४८ च्या प्रसिद्ध निबंधात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रिची आणि कॅलिश या सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला होता. उंदरांना वळणावळणाच्या एकाच रस्त्याने अन्नाकडे जायला शिकविले. मग तो रस्ता बंद करून सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या अठरा नव्या वाटा समोर ठेवल्या. बंद रस्त्याला लागून असलेल्या वाटांकडे गर्दी व्हावी, असे सवयीच्या सिद्धान्तावरून वाटेल. प्रत्यक्षात सर्वाधिक उंदरांनी, म्हणजे सुमारे ३६ टक्क्यांनी, अन्नाच्या दिशेने थेट नेणारी वाट पत्करली. या प्रयोगात अन्नाच्या जागेजवळ एक दिवा लावलेला होता आणि उंदीर नकाशाऐवजी त्या दिव्याच्या रोखाने गेले असतील, ही शंका नंतरच्या टीकाकारांनी काढली. ती रास्त आहे. हा एकच प्रयोग पुरावा म्हणून पुरेसा नाही.

त्या निबंधाचा शेवटचा भाग शास्त्रीय नियतकालिकात क्वचितच आढळणाऱ्या जातीचा होता. नकाशे दोन प्रकारचे असतात, असे टोलमन यांनी मांडले. एक अरुंद पट्टीसारखा, एकाच वाटेचा. दुसरा विस्तृत, भोवतालच्या प्रदेशासह. फार भूक, फार भीती किंवा फार निराशा असली की जिवाचा नकाशा अरुंद होतो. आणि माणसांचेही तसेच होते. आपल्या दैन्याचा राग दक्षिणेतील गरीब गोरा कृष्णवर्णीयांवर काढतो, एक राष्ट्र दुसऱ्याचा द्वेष करते, त्यामागे हीच पट्टी असते, असे त्यांचे म्हणणे. उंदरांवरून एवढी मोठी झेप घेण्याचा अधिकार त्या प्रयोगांनी दिला होता काय, हा प्रश्न विचारता येतो. पण महायुद्ध नुकतेच संपले होते. १९४२ साली त्यांनी युद्धप्रेरणांवर एक छोटे पुस्तक लिहिले होते. १९४४-४५ मध्ये नाझींविरुद्धच्या लढ्यासाठी स्वतःची शांततावादी भूमिका बाजूला ठेवून सरकारच्या गुप्तवार्ता विभागात माणसे पारखण्याचे कामही केले होते. उंदीर आणि माणूस यांच्यामधली भिंत त्यांच्यापुरती पडली होती.

पुढच्याच वर्षी त्यांना स्वतःला तिठ्यावर उभे राहावे लागले.

शीतयुद्धाच्या भीतीने अमेरिकेला ग्रासले होते. १९४९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठराव केला की, आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही, अशी शपथ प्रत्येक प्राध्यापकाने लिहून द्यावी. राज्यघटनेशी निष्ठेची शपथ सर्वांनी आधीच घेतलेली होती. तिला कोणाचा विरोध नव्हता. परंतु नोकरी टिकविण्यासाठी राजकीय मतांची हमी द्यायची, हे टोलमन यांना विद्येच्या स्वातंत्र्याचा सौदा वाटला. ते तेव्हा ६३ वर्षांचे होते, कीर्ती स्थिर झालेली होती आणि निवृत्ती तोंडावर आली होती. निमूटपणे सही करून उरलेली वर्षे उंदरांच्या सोबतीने घालविता आली असती. त्यांनी नकार दिला आणि नकार देणाऱ्यांचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. मूळचा हा संकोची माणूस. सभा गाजविणे त्याच्या स्वभावात नव्हते.

या लढ्यात त्यांनी घेतलेली एक भूमिका मला त्यांच्या कोणत्याही प्रयोगाहून मोलाची वाटते. ज्यांची नोकरी नवी आहे, ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, अशा तरुण सहकाऱ्यांना त्यांनी सही करण्याचा सल्ला दिला. हा भार ज्यांना पेलवेल त्यांनीच तो उचलावा, असे त्यांचे मत होते. तत्त्वासाठी दुसऱ्याच्या घरातली चूल विझविण्याचा मोह चळवळींच्या नेत्यांना नेहमी होतो. टोलमन यांना तो झाला नाही. अतिशय दडपणाखाली नकाशा अरुंद होतो, हे ज्याने लिहिले होते, त्याने ज्यांच्यावर दडपण अधिक, त्यांना दोष दिला नाही.

वर्षभर वाटाघाटी, समित्या आणि तडजोडीचे मसुदे चालले. अखेर ऑगस्ट १९५० मध्ये नियामक मंडळाने १२ विरुद्ध १० मतांनी ३१ प्राध्यापकांना काढून टाकले. त्यांतील एकावरही कम्युनिस्ट असल्याचा आरोप नव्हता. अपराध एवढाच की सही केली नाही. मध्ययुगाचे थोर इतिहासकार अर्न्स्ट कांटोरोविच हेही सही नाकारणाऱ्यांत होते. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या त्या विद्वानाला अशा शपथा कोठून कोठे जातात, हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. टोलमन यांनी सहकाऱ्यांसह न्यायालयात दाद मागितली. हा खटला त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मधल्या काळात शिकागो आणि हार्वर्ड येथे त्यांनी पाहुणे म्हणून अध्यापन केले.

एप्रिल १९५१ मध्ये अपील न्यायालयाने प्राध्यापकांच्या बाजूने कौल दिला. ऑक्टोबर १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. मात्र कारण दिले ते तांत्रिक. सर्व सरकारी नोकरांसाठी विधिमंडळाने दरम्यान स्वतःच एक शपथ लागू केली असल्याने विद्यापीठाला वेगळी शपथ लादता येणार नाही, असे ते कारण होते. म्हणजे विजय मिळाला, पण ज्या तत्त्वासाठी भांडण केले ते बाजूलाच राहिले. टोलमन बर्कलेला परतले आणि १९५४ साली निवृत्त झाले. ज्या विद्यापीठाने त्यांना काढले होते, त्यानेच १९५९ साली त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला बर्कले येथे त्यांचे निधन झाले. आपण आपल्याला दिसलेल्या अंधूक प्रकाशाच्या मागे गेलो आणि त्यात मजा आली, अशा अर्थाचा कबुलीजबाब त्यांनी अखेरच्या मोठ्या लेखात देऊन ठेवला आहे.

त्यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांचा पक्ष शास्त्रात हरल्यासारखाच होता. नकाशा डोक्यात असतो म्हणता, तर तो डोक्यात कोठे आहे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. टोलमन यांनी स्वतः मेंदू कधी उघडला नाही. ते उत्तर १९७१ साली लंडनहून आले. जॉन ओकीफ आणि त्यांच्या विद्यार्थ्याने मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात सूक्ष्म तारा बसवून पेशींचे विद्युत्स्पंद ऐकले. एक पेशी उंदीर एका विशिष्ट कोपऱ्यात आला की बोले, दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात. जागेगणिक पेशी. ओकीफ आणि नेडल यांनी १९७८ साली यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातच टोलमन यांचा बोधात्मक नकाशा आहे. २००५ साली नॉर्वेतील मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेने त्याच्या शेजारच्या भागात अंतराची जाळी आखणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

हल आणि टोलमन यांच्या भांडणाचा निवाडाही मेंदूनेच केला आणि तो गमतीचा आहे. पॅकार्ड आणि मॅकगॉ यांनी १९९६ साली अधिक चिन्हाच्या आकाराच्या भूलभुलय्यात उंदरांना एका बाजूने सोडून ठरावीक भुजेकडे वळायला शिकविले आणि नंतर समोरच्या बाजूने सोडून पाहिले. आठ दिवसांच्या सरावानंतर बहुतेक उंदीर योग्य जागेकडे गेले, म्हणजे नकाशाने चालले. त्या वेळी हिप्पोकॅम्पस बधिर केला की हे ज्ञान लोपे. सोळा दिवसांनंतर तेच उंदीर पूर्वीसारखेच वळण घेऊन चुकीच्या जागी पोहोचले, म्हणजे सवयीने चालले. आणि ती सवय मेंदूतील पुच्छकेंद्रकात नांदत होती. ते बधिर केले, तर दडून बसलेला नकाशा पुन्हा वर येई. एकाच मेंदूत दोन्ही पक्ष शेजारी राहत होते आणि सरावागणिक कारभार एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. शिकण्याचे एकाहून अधिक प्रकार असावेत, असे टोलमन यांनी १९४९ च्या एका लेखात म्हटलेच होते.

राहिला तो तिठ्यावर मान वळविणारा उंदीर. २००७ साली डेव्हिड रेडिश यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅडम जॉन्सन या तरुण संशोधकाने अशाच थबकलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील अनेक पेशींचे स्पंद एकाच वेळी नोंदविले. शरीर तिठ्यावर स्थिर होते. परंतु पेशींचा क्रम पाहिला तर तो पुढच्या वाटेवरील जागांचा होता. आधी एका वाटेने पुढे, मग मागे येऊन दुसऱ्या वाटेने पुढे. उंदीर खरोखरच पाऊल न टाकता दोन्ही वाटा चालून पाहत होता. ही प्रयोगशाळा मिनेसोटा विद्यापीठात आहे, मिनिआपोलिस येथे. सत्तर वर्षांपूर्वी त्याच शहरात टोलमन यांनी तिठ्यावरच्या उंदराबद्दल आपली श्रद्धा बोलून दाखविली होती.

बर्कले विद्यापीठाने मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या विभागांसाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी उभारलेल्या इमारतीला टोलमन यांचे नाव दिले होते. अर्धशतकाहून अधिक काळ विद्यार्थी त्या नावाखालून ये-जा करीत राहिले. भूकंपात ती टिकणार नाही, असा अभियंत्यांचा निर्णय झाला आणि २०१९ साली ती पाडण्यात आली. कोयनेचा १९६७ चा हादरा ज्यांच्या स्मरणात आहे, त्या सातारा-सांगलीकरांना हे कारण समजावून सांगायला नको.